रतनवाडीत चार दिवस मुक्काम : कुठला डोंगर कोणाला झेपेल?

मुळाकाठचा :

नमस्कार मंडळी, नोव्हेंबरच्या शेवटी चार दिवसांची सुट्टी जुळून आलीये आणि रतनवाडीत मुक्काम करायचं जवळपास ठरलंय. अमृतेश्वराच्या देवळापासून जवळच एका घरात राहण्या-जेवणाची सोय होतीये. आता अडचण अशी की आम्ही सहा जण आहोत आणि सहाही जणांचं चालणं वेगळं. बाबा ६६ वर्षांचे, तरुणपणी भरपूर डोंगर फिरलेत, सिंहगड अजूनही महिन्यातून एकदा चढतात पण उजवा गुडघा उतरताना बोलतो. मुलगा १० वर्षांचा, त्याला दम लागत नाही पण कड्याजवळ गप्प उभा राहील याची खात्री नाही. मी आणि बायको मध्यम, राजगड-तोरणा झालेत. आणि दोन भाचे, इंजिनियरिंगला आहेत, त्यांना फक्त अलंग-मदन-कुलंग हे तीन किल्ले दिसतायत, दुसरं काही बोलायलाच तयार नाहीत.

नेटवर बघितलं तर कळसूबाई ईझी टू मॉडरेट, रतनगड मॉडरेट, सांधणची घळ पण मॉडरेट, म्हणजे सगळंच मॉडरेट, पण कोणाच्या हिशोबाने ते कोणी लिहीत नाही. माझा प्लॅन असा होता की पहिल्या दिवशी रतनगड कारण तो बुटका आणि गावाच्याच डोक्यावर आहे, दुसऱ्या दिवशी सांधण, आणि कळसूबाई सगळ्यात उंच म्हणून शेवटी. बाबांना कळसूबाई जमणार नाही असं गृहीत धरलंय. ज्यांनी या भागात खरंच पाय झिजवलेत त्यांनी सांगा हे बरोबर आहे का.

भटक्या_नाशिककर :

दादा, प्लॅन उलटा करा. उंचीवरून अवघड-सोपं ठरवलंत तिथेच गडबड झालीये, आणि ही चूक जवळपास प्रत्येक नवीन माणूस या भागात करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रात सगळ्यात उंच, बरोबर. पण बारी गावातून वर जाणारी वाट इतकी मळलेली आहे की चुकायचं म्हटलं तरी अवघड, कारण ती देवीची वाट आहे, नवरात्रात आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्या बायका अनवाणी चढतात. जिथे कातळ आडवा येतो तिथे लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत, कठडे आहेत. म्हणजे कष्ट आहेत, तीन-चार तास सलग चढ आहे, पण कुठेही हाताने कातळ धरून जीव मुठीत घ्यावा लागत नाही. रतनगड साधारण १३०० मीटर, कळसूबाईपेक्षा साडेतीनशे मीटरनी बुटका, पण तिथे वाट जंगलातून जाते, प्रवरेचा ओढा परत परत ओलांडावा लागतो, फाटे फुटतात, एक फाटा सरळ कात्राबाईच्या खिंडीकडे म्हणजे हरिश्चंद्रगडाच्या दिशेला जातो आणि त्याच्यावर लोक बिनधास्त तासभर चालत राहतात. वर शिड्या आहेत त्या जवळपास उभ्या, आणि शिडी संपल्यावर दरवाजापर्यंतचा टप्पा अरुंद. त्यामुळे बाबांसाठी बघायचं तर रतनगड जास्त अवघड, कळसूबाई जास्त दमवणारी. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि अलंग-मदन-कुलंग? मदन आणि कुलंग ४८०० फुटांच्या आसपास, कळसूबाई ५४०० फूट. सहाशे फूट कमी उंची आणि तरी या अख्ख्या रांगेत सगळ्यात अवघड तेच, कारण अलंग आणि मदनच्या पायऱ्या इंग्रजांनी उडवल्या आणि आता तिथे सरळ कातळ आहे, दोर लागतोच. भाच्यांना हे आत्ताच समजावून सांगा, तिथे जाऊन नाही.

माझा सल्ला : पहिला दिवस काही चढू नका. अमृतेश्वराचं देऊळ नीट बघा, घाई न करता, झंज राजाच्या काळचं म्हणतात आणि दगडातलं कोरीवकाम खरंच थांबून बघण्यासारखं आहे, शेजारची पुष्करणी पण बघा. मग गाडीने घाटघरच्या कोकणकड्यावर संध्याकाळ. त्या दिवशी बाबांचा गुडघा प्रवासानंतर काय म्हणतोय ते कळेल. बाकीचं त्यावर ठरवा.

सह्यवेडी :

कळसूबाईबद्दल माझा अनुभव सांगते कारण आईला घेऊन गेले होते, ती तेव्हा ६१ ची. आम्ही पहाटे साडेपाचला बारीतून निघालो, टॉर्च होते, पहिला टप्पा शेतातून आणि बांधांवरून आहे तो अंधारात सहज झाला आणि ऊन लागायच्या आत पहिल्या शिडीपाशी होतो. आई चढताना अजिबात थकली नाही, दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं बसायचं आणि गूळ-शेंगदाणे खायचे एवढाच नियम होता. वरती छोटंसं शेंदरी देऊळ आहे, आत चार माणसं दाटीने मावतात, तिथे तिने ओटी भरली आणि ती इतकी खुश होती की मला भरून आलं.

पण उतरताना हाल झाले. शिड्या उतरणं वेगळं आणि मधला दगडांचा उतार वेगळा, प्रत्येक पायरी गुडघ्यात बसते, आम्हाला चढायला चार तास आणि उतरायला जवळजवळ साडेचार लागले. वर येणारी गर्दी हे त्याचं दुसरं कारण. रविवार होता, एका ट्रेक ग्रुपची दोन बस भरून माणसं आली होती आणि त्यांच्या लीडरने शिडीवर एका वेळी किती जणांनी चढायचं हे काही सांगितलेलंच नव्हतं, खाली उतरणारे आणि वर चढणारे एकाच शिडीवर समोरासमोर. आई त्या शिडीवर मधेच पाच-सात मिनिटं अडकली, हात थरथरायला लागले होते तिचे. त्या दिवसापासून मी शनिवार-रविवार कळसूबाईला कोणालाच पाठवत नाही.

तर तुमच्या बाबांसाठी, मधल्या वारी जा, दोन काठ्या घ्या (एक नाही, दोन), नीकॅप घाला, आणि परत फिरायची वेळ आधी ठरवा. साडेदहापर्यंत जिथे असू तिथून मागे. शेवटच्या शिडीच्या अलीकडे विहीर आहे, तिथपर्यंत पोचले तरी डोंगर झाल्यासारखाच आहे, तिथून दिसतं पण छान. आणि चढता आलं म्हणजे उतरता येईल असं समजू नका, गुडघेदुखीवाल्या माणसाचा डोंगर माथ्यावर सुरू होतो.

प्रवराकाठ :

मी याच पट्ट्यातला, अकोले तालुका. वरती दोघांनी चांगलं सांगितलंय, थोडी भर घालतो.

पहिली गोष्ट गावातला माणूस बरोबर घ्याच. रतनगडाला वाट सोपी आहे असं तुम्हाला कोणी सांगंल, पण पावसाळ्यानंतर गवत छातीएवढं वाढलेलं असतं, कारवी दाट झालेली असते आणि ढोरवाटा खऱ्या वाटेपेक्षा रुंद दिसतात. आमच्याकडची पोरं हिरडा गोळा करायला, गुरं चारायला ह्याच रानात लहानपणापासून फिरलेली, त्यांना कुठल्या ओढ्याला पाणी टिकतं आणि कुठल्या झाडावर आग्यामोहोळ बसलंय हे पण ठाऊक असतं. दिवसाचे पैसे द्यायचे ते आधी ठरवा, हसून घ्या, घासाघीस नका करू. शेती पावसाच्या पाण्यावरची, भात आणि नागली झाली की वर्षभर बाकी काय, हाच आधार आहे.

दुसरं, रतनगडावरून साम्रद गावाला (सांधणची घळ तिथंच) उतरायचं का असं तुम्ही विचारलं नाही पण भाचे विचारतीलच. गडाच्या नेढ्यापासून (कातळातलं आरपार भोक) पुढं त्र्यंबक दरवाजा आहे, तिथल्या पायऱ्या कातळात कोरलेल्या, उंच उंच, काही झिजलेल्या. बसून बसून उतरावं लागतं. नंतर खुट्ट्याच्या सुळक्याला वळसा मारून जंगलातून साम्रद. जाणत्याबरोबर सुंदर वाट आहे, आणि गर्दी रतनवाडीच्या बाजूला असती तेवढी इकडं नसती. पोरगा १० वर्षांचा असेल तर मात्र आल्या वाटेनंच उतरा.

तिसरं, नेढ्यात बसल्यावर वारा असा येतो की टोपी हातातच ठेवावी लागती. समोर अलंग, मदन, कुलंग, त्याच्या उजव्या अंगाला कळसूबाई, मागं कात्राबाई, आजोबा, सगळं एका जागी बसून दिसतं. ज्यांना हे सगळे डोंगर चढणं शक्य नाही त्यांनी निदान ते नेढं तरी गाठावं असं मला वाटतं.

कळसूबाईची गोष्ट पोराला सांगा चढताना. कळसू नावाची मुलगी इंदोरे गावात पाटलाच्या घरी कामाला राहिली, केर काढणार नाही, भांडी घासणार नाही, बाकी सांगाल ते काम करीन ह्या अटीवर. एकदा पाहुणे आले आणि घरच्यांनी तिला तीच कामं करायला लावली. तिनं केली, आणि घर सोडून डोंगरावर निघून गेली ती परत आलीच नाही. जिथं भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात. आमच्या बायका अजून चढताना हे सांगत जातात.

दोरखंड :

भाच्यांसाठी लिहितोय. एएमके म्हणजे अलंग-मदन-कुलंग मी तीन वेळा केलाय म्हणून हक्काने सांगतो, रतनवाडीला मुक्काम ठेवून एका दिवसात जाऊन यायचा तो प्रकार नाही. पायथा आंबेवाडी, ते रतनवाडीपासून गाडीने लांब वळसा घालून. तिन्ही किल्ले करायचे तर दोन रात्री डोंगरावर, सामान पाठीवर, अलंगचा कातळटप्पा साधारण ऐंशी फूट सरळ, मदनचा पन्नासेक फूट पण त्याखाली दरी अशी थेट की खाली बघितलं की अनुभवी माणसाचेही पाय जड होतात. त्यात मधल्या ट्रॅव्हर्सवर, म्हणजे कड्याच्या अंगाने आडव्या जाणाऱ्या वाटेवर, घसारा. सलग दोरावर चढणं-उतरणं, हार्नेस (कमरेला बांधायचा पट्टा), बिले (चढणाऱ्याचा दोर दुसऱ्याने धरून त्याला सांभाळणं), हे ज्याला घरच्या घरी समजलेलं नाही त्याने पहिल्यांदा तिथे शिकू नये.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा २१ चा होतो आणि तुमच्या भाच्यांसारखाच होतो. ज्यांच्याबरोबर गेलो त्यांनी ३५ जणांत एकच मेन दोर आणला होता. अलंगच्या खाली आमची रांग दुपारी एकपासून, माझा नंबर लागला तेव्हा अंधार पडला होता, हेडटॉर्च निम्म्या लोकांकडे नव्हते, आणि पाणी संपलेलं. एक मुलगी वर पोचून रडत बसली होती. काही झालं नाही हे नशीब. म्हणून कोणाबरोबरही जाणार असाल तर आधी तीन गोष्टी विचारा, बॅचमध्ये किती जण, दोर किती आणि बॅकअप दोर आहे का, आणि टेक्निकल टीममध्ये किती माणसं. उत्तर द्यायला का कू केलं तर पैसे भरू नका.

त्यांना या चार दिवसांत खरंच काहीतरी दमदार हवं असेल तर एकटा कुलंग करा. दोर लागत नाही, पण आंबेवाडीतून चढ इतका लांब आणि इतका खडा आहे की दोघांचीही रग जिरेल, वरचा टप्पा कोरीव पायऱ्यांचा, तिथे मात्र सांभाळून. वरती पाण्याच्या टाक्यांची अख्खी रांग आहे आणि पाणी अडवायला बांधलेली दगडी भिंत, तिला गोमुख. इतक्या उंचीवर त्या लोकांनी पाण्याचं एवढं डोकं लावलं हे बघून मी दर वेळी तिथे अर्धा तास बसतो. पहाटे निघा, संध्याकाळी खाली, जाणता माणूस बरोबर. किंवा दुसरा पर्याय, रतनवाडी ते कात्राबाई खिंड ते कुमशेत ते पाचनई, पूर्ण दिवसाची दणदणीत चाल, वाटाड्याशिवाय अजिबात नाही.

मुळाकाठचा :

सगळ्यांचे मनापासून आभार, वाचून झाल्यावर बायकोने पहिला प्लॅन लिहिलेला कागद फाडला. भाच्यांना दोरखंड यांची पोस्ट मोठ्याने वाचून दाखवली, आता कुलंगवर आलेत. कळसूबाई बुधवारी ठेवतोय.

सांधणबद्दल कोणीच बोललं नाही. मुलाला तेच सगळ्यात जास्त बघायचंय, त्याने व्हिडिओ बघितलेत. नोव्हेंबरमध्ये जाता येतं का?

सह्यवेडी :

जाता येतं, आम्ही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेलो होतो, पहिल्या डोहात पाणी गुडघ्याच्या वर आणि दुसऱ्यात माझ्या कमरेपर्यंत. बर्फासारखं गार. मुलाला मजा येईल.

दोरखंड :

ताईंशी इथे मी सहमत नाही. पाणी वर्षावर्षावर असतं, पाऊस लांबला की नोव्हेंबरअखेर दुसऱ्या डोहात छातीपर्यंत पाणी मी स्वतः बघितलंय, छातीपर्यंत म्हणजे माझ्या, १० वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून. शिवाय घळ इतकी अरुंद आणि खोल की ऊन तळाला फार थोडा वेळ पोचतं, एकदा भिजलं की कपडे वाळत नाहीत, पोरं कुडकुडतात. पावसाळ्यात तर तिकडे फिरकायचंच नाही, वरच्या सड्यावर पडलेलं सगळं पाणी त्याच घळीतून जातं. फेब्रुवारी-मार्च हा लहान मुलांसाठी खरा काळ.

प्रवराकाठ :

दोघांचंही बरोबर. असं करा, आदल्या दिवशी साम्रदमधल्या कोणाला तरी फोन करून पाणी किती आहे विचारा, तिथली पोरं रोज खाली जातात, ते सेंटीमीटरमध्ये नाही सांगणार पण "पोराला खांद्यावर घ्यावं लागंल" किंवा "चालत जाईल" एवढं बरोब्बर सांगतील. खांद्यावर म्हटलं तर पहिल्या डोहापर्यंत जाऊन मागं फिरा. तोंडाशी झरा आहे, पाणी गोड. मोठमोठे दगड ओलांडत जायचंय त्यामुळं बाबांना मात्र खाली नेऊ नका, त्यांना वरच्या कड्यावरून घळ दाखवा.

रानपाखरू :

थोडं विषय सोडून, पण मे-अखेर ते जूनचा पहिला पाऊस या दिवसांत याच रस्त्याला काजव्यांसाठी या. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या झाडांवर लुकलुक अशी एका लयीत चालते की बोलणं आपोआप थांबतं. फक्त शनिवारी नको, गाड्यांच्या हेडलाइटने काजवे बिथरतात, आणि झाडाखाली गवतात फिरू नका, तिथेच त्यांच्या माद्या असतात. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे हे, १९८६ पासूनचं, लोक विसरतात.

मुळाकाठचा :

परवा परत आलो. विचारणाऱ्याने नंतर काय झालं ते सांगावं असं मला वाटतं, म्हणून लिहितोय.

पहिल्या दिवशी काही चढलो नाही, देऊळ आणि घाटघर. बाबा देवळाच्या मागच्या बाजूला तासभर एकटेच बसले होते.

दुसऱ्या दिवशी रतनगड, गावातला विशीतला मुलगा वाटाड्या. कात्राबाईचा तो फाटा खरंच फसवा आहे, आम्ही एकटे असतो तर शंभर टक्के तिकडेच गेलो असतो. बाबा शिडीच्या खालपर्यंत अडीच तासांत आले, शिडीकडे बघितलं, दोन पायऱ्या चढले, परत उतरले आणि म्हणाले मी इथे थांबतो. मी आग्रह केला नाही पण त्यांना एकटं सोडायचं नव्हतं, तर वाटाड्याने आधीच आपल्या काकांना बरोबर घेतलं होतं, ते म्हणाले साहेब तुम्ही जावा, आम्ही बसतो. दोघांनी सावलीत बसून भाकरी आणि ठेचा खाल्ला आणि पिकापाण्याच्या गप्पा मारल्या. मुलगा नेढ्यात गेला, वारा अंगावर आल्यावर स्वतःच माझा हात घट्ट धरला, मला ज्याची भीती होती तसं काही झालं नाही. अलंग-मदन-कुलंग समोर दिसल्यावर भाचे बराच वेळ गप्प होते.

तिसरा दिवस कळसूबाई, बुधवार, शिड्यांवर आम्ही आणि एक नाशिकचं जोडपं, बाकी कोणी नाही. बाबा दोन काठ्या घेऊन विहिरीपर्यंत दहा वाजून दहा मिनिटांनी पोचले. साडेदहाची वेळ ठरलेली. त्यांनी घड्याळ बघितलं, शेवटच्या शिडीकडे बघितलं आणि म्हणाले वीस मिनिटं आहेत, जाऊ का? गेले. वर देवळात माथा टेकला, पाच मिनिटं बसले, उतरायला लागलो. उतरायला पाच तास लागले, सह्यवेडी ताईंनी सांगितलं होतं तसंच, पण घाई कोणालाच नव्हती. संध्याकाळी गुडघा सुजला होता, शेकला, दुसऱ्या दिवशी ते गाडीतच बसले.

चौथ्या दिवशी भाचे पहाटेच कुलंगला गेले, आणि रात्री आठला आले ते जेवून न बोलता झोपले. आम्ही साम्रदला गेलो, उत्तर "खांद्यावर" असं आलं होतं, म्हणून पहिल्या डोहातच पाय बुडवून मागे फिरलो. मुलगा थोडा नाराज झाला, त्याला मार्चमध्ये परत आणायचं कबूल केलंय.

आता बाबांना शिडी नसलेला आणि उतार सौम्य असलेला एक डोंगर हवाय, या भागातलाच. मी पट्टा किल्ला सुचवला, जालन्याच्या स्वारीनंतर १६७९ मध्ये महाराजांनी जिथे विश्रांती घेतली तो विश्रामगड, वर मोठं पठार आहे आणि वाट सोपी आहे असं वाचलंय. पण आता नुसत्या "सोपी" शब्दावर माझा विश्वास राहिला नाही, म्हणून विचारतो, पट्टेवाडीकडून उतरताना पायऱ्या उंच आहेत का, आणि गुडघेवाल्या माणसाला मधे बसायला सावली आहे का?